सी++ मधला क्लास ब्राउझरमध्ये कसा आणायचा?

जेकार्डवाला (सोलापूर)
अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं चादरींच्या डिझाइनचं काम. कोणत्या आडव्या धाग्याला कोणते हुक उचलायचे हे काढणारा सी++ कोड जुना, पण खणखणीत आहे. व्यापाऱ्याला मोबाईलवर रंग बदलून चादर दाखवायची म्हणून तो एमस्क्रिप्टन या कंपायलरने वेबअसेंब्लीत, म्हणजे ब्राउझरला चालवता येणाऱ्या बायनरी कोडमध्ये, कंपाइल केला. सुटी फंक्शन्स चालतात, पण 'डिझाइन' हा क्लास (माहिती आणि तिच्यावरची फंक्शन्स म्हणजे मेथड एकत्र बांधणारा साचा) जावास्क्रिप्टला दिसतच नाही. प्रत्येक मेथडसाठी हाताने सी फंक्शन लिहीत बसू काय?

सातरस्ता_कोडर
कशाला ओ! वेबअसेंब्लीच्या फंक्शनमधून मुळात आकडेच ये-जा करतात, क्लास तिच्या गावीही नसतो. एमस्क्रिप्टनच्याच वेबआयडीएल बाइंडरला इंटरफेसची (क्लासमध्ये काय काय आहे त्याची) फाइल दिली की जोडणीचा कोड तोच तयार करतो. पण तुमच्याकडे व्हेक्टर (याद्या), स्ट्रिंग (मजकूर) असणारच, म्हणून मी तरी एमस्क्रिप्टनसोबत येणारं दुसरं जोडणीचं साधन, एम्बाइंडच घेईन. सी++ मध्येच कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनवणारं फंक्शन) आणि मेथडची नावं नोंदवायची, लिंक करताना -एलएम्बाइंड द्यायचं. एकच पथ्य: एकाच नावाच्या दोन मेथड असतील तर एम्बाइंड आर्ग्युमेंटची (मेथडला दिलेल्या किमतींची) संख्या बघतं, प्रकार नाही. 'रंग' एकदा आकडा घेणारी आणि एकदा स्ट्रिंग घेणारी असेल तर जावास्क्रिप्टसाठी नावं वेगळी ठेवा.

जेकार्डवाला
झालं! क्लास दिसला. पण रंगाची पट्टी सरकवत राहिलं की मेमरी फुगत जाते आणि स्वस्तातला फोन टॅबच बंद करतो. चित्र व्हेक्टरमधून गेट(आय) करत एकेक पिक्सेल उचलतोय, तेही रखडतंय.

सातरस्ता_कोडर
रंग बदलला की दरवेळी नवा 'डिझाइन' बनवताय ना? जावास्क्रिप्टचा गार्बेज कलेक्टर (नको झालेली मेमरी आपोआप मोकळी करणारा) फक्त वरचा हँडल उचलतो, सी++ चा ऑब्जेक्ट वेबअसेंब्लीच्या मेमरीत तसाच पडून राहतो. काम झालं की .डिलीट() हाक मारायची. मेथडने परत दिलेल्या व्हेक्टरलासुद्धा, हे हमखास राहून जातं.
पिक्सेलसाठी एम्बाइंडचं टाइप्ड_मेमरी_व्ह्यू वापरा, अख्खा बफर एकदम मिळतो. मात्र तो नुसता झरोका आहे. मेमरी वाढू देणारा पर्याय चालू असेल तर मेमरी वाढताच जुना व्ह्यू निकामी होतो. मिळाल्या मिळाल्या .स्लाइस() करून प्रत घ्या, मगच कॅन्व्हासवर टाका.

विजापूर_रोड
रस्ट भाषेत लिहिणाऱ्यांचीही यातून पूर्ण सुटका नाही. तिथलं जोडणीचं साधन वाझम-बाइंडजेन स्ट्रक्टचा (रस्टमधल्या माहितीच्या साच्याचा) क्लास आपसूक करून देतं, पण तिथेही .फ्री() आहेच.
बाकी टाइपस्क्रिप्ट (प्रकार तपासणारी जावास्क्रिप्ट) वापरत असाल तर लिंकला --एमिट-टीएसडी द्या. क्लासच्या टाइप्सची फाइल फुकटात मिळते.