स्मूथ की टेक्श्चर्ड? ब्रेस्ट इम्प्लांट निवडताना आधी काय ठरवायचं

मृद्गंध_३४

वय ३४, दोन बाळंतपणं, अंगावर पाजणं बंद होऊन दीड वर्ष झालं. वरचा भाग रिकामा झालाय, पण स्तन ओघळलेले नाहीत, त्यामुळे लिफ्टची गरज नाही असं सर्जन म्हणतात. मापं अशी: स्तनाच्या पायाची रुंदी १२ सेंमी, वरच्या भागाची चिमटीतली जाडी दीड सेंमी. चीर स्तनाखालच्या घडीत. पर्याय दोन दिलेत: गोल स्मूथ (गुळगुळीत पृष्ठभागाचा) २७५ सीसी, किंवा त्याच सुमाराचा टिअरड्रॉप (थेंबाच्या) आकाराचा मायक्रोटेक्श्चर्ड (बारीक खडबडीत पृष्ठभागाचा). दोन्ही सिलिकॉन जेलचे. खर्चात फारसा फरक नाही.

टेक्श्चर्डभोवती कॅप्सूल (इम्प्लांटभोवती शरीर तयार करतं तो पडदा) घट्ट होत नाही हे खरं का? कॅन्सरचं जे बोललं जातं ते मायक्रोलाही लागू आहे का? आणि थोरल्या बहिणीने २०१५ मध्ये दुबईत टेक्श्चर्ड बसवून घेतलेत, तिला काही त्रास नाही. तरी काढून टाकावेत का?

टाका_धागा

ताई, प्रश्न उलट्या टोकाने सुरू झालाय. पृष्ठभाग शेवटी ठरतो. आधी जागा (ग्रंथीखाली की स्नायूखाली), मग आकार (गोल की टिअरड्रॉप), मग रुंदी आणि उंची. एवढं ठरलं की स्मूथ-टेक्श्चर्डचा निकाल बहुतेक वेळा आपोआप लागतो.

जागा: चिमटीतली जाडी २ सेंमीपेक्षा कमी असेल तर वरचा भाग स्नायूखाली घ्यावा, असा साधा नियम आहे. तुमची दीड आहे. म्हणजे ड्युअल प्लेन: वरचा अर्धा भाग छातीच्या मोठ्या स्नायूखाली, खालचा ग्रंथीखाली. ग्रंथीखाली ठेवला तर एवढ्या पातळ आवरणातून वरची कड दिसेल आणि सुरकुत्या हाताला लागतील. टेक्श्चर्डची शेल (बाहेरचं आवरण) साधारण जाड आणि ताठ असते, त्यामुळे पातळ अंगाला सुरकुत्यांचा त्रास तिथे जास्त. ड्युअल प्लेनचा तोटाही ऐकून ठेवा: सूर्यनमस्कारात किंवा डिप्स मारताना स्नायू आवळला की इम्प्लांट वर-बाहेर सरकताना दिसतो. जिममध्ये छातीचे जड व्यायाम करणार असाल तर सर्जनना आधी सांगा.

कॅप्सूल: कोणत्याही इम्प्लांटभोवती शरीर एक पातळ पडदा तयार करतंच. तो आवळला की त्रास. आवळ मोजायच्या बेकर श्रेणीत १ म्हणजे मऊ, २ म्हणजे हाताला जरा घट्ट, ३ म्हणजे आकार बिघडलेला दिसतो, ४ म्हणजे दुखतं. शस्त्रक्रियेची वेळ ३ आणि ४ ला येते. टेक्श्चर्डमुळे हा आवळ कमी होतो हे ग्रंथीखाली ठेवलेल्या इम्प्लांटच्या बाबतीत बऱ्यापैकी खरं आहे. स्नायूखाली गेलं की तो फरक बराच कमी होतो. तुमच्या केसमध्ये त्या एका फायद्यासाठी खडबडीत पृष्ठभाग घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

आता टिअरड्रॉप. हा आकार फिरला की स्तन वाकडा दिसतो. गोल फिरला तर कुणाला कळतही नाही. टिअरड्रॉप जागेवर राहावा म्हणून तो टेक्श्चर्ड करतात, टेक्श्चरचं मुख्य काम तेच. पण गोम इथेच आहे. ऊती खरोखर चिकटून बसायची ती मॅक्रोटेक्श्चरला (जास्त खडबडीत पृष्ठभागाला), जे आता बाजारातून जवळजवळ गेलंय. मायक्रोटेक्श्चर तितकं भरवशाने चिकटत नाही. त्यामुळे तिथे सगळी मदार पॉकेट (इम्प्लांटसाठी आत केलेली जागा) तंतोतंत कापण्यावर येते. पॉकेट जरा मोठं झालं किंवा आत पाणी साठलं की फिरण्याची वाट मोकळी. टिअरड्रॉपचं जेल घट्ट असल्यामुळे चीरही मोठी लागते, गोलाला ४ सेंमीच्या आसपास भागतं तिथे याला ५ ते साडेपाच.

रुंदी: इम्प्लांटची रुंदी तुमच्या १२ सेंमीपेक्षा जरा कमी हवी, साडेअकराच्या आसपास. सीसीच्या आकड्यावर अडू नका. २७५ सीसी तीन वेगवेगळ्या प्रोफाइलमध्ये (पुढे किती फुगतो त्यानुसार) तीन वेगळ्या रुंदीचा मिळतो.

स्मूथला दोष नाहीत असं नाही. तो पॉकेटमध्ये हलता राहतो, त्यामुळे घडीचा आधार कमकुवत झाला तर खाली उतरतो किंवा झोपल्यावर काखेकडे सरकतो. जितका मोठा इम्प्लांट, तितकं हे जास्त. चीर बंद करताना घडी खोल ऊतीला टाक्यांनी बांधून घेणार का, एवढं विचारा. हलवण्याचे व्यायाम काही सर्जन सांगतात, काही नाही. ठोस पुरावा कुठल्याच बाजूला नाही, आपल्या सर्जनचं ऐकावं. टेक्श्चर्डला मात्र ते व्यायाम अजिबात करायचे नसतात.

तुमच्या मापांवर माझं मत: गोल, स्मूथ, ड्युअल प्लेन. उभं राहिल्यावर स्नायूखालचा गोल इम्प्लांट वरून चपटा आणि खाली भरलेला असाच दिसतो.

स्क्रब_टेबल

वरचं सगळं बरोबर. पृष्ठभागाइतकाच फरक ऑपरेशन थिएटरमध्ये इम्प्लांट कसा हाताळला जातो त्यानेही पडतो. कॅप्सूल आवळण्यामागे पृष्ठभागावर जमलेला जीवाणूंचा पातळ थर हे एक मोठं कारण मानलं जातं, आणि खडबडीत पृष्ठभागाला त्यासाठी जागा जास्त.

हे विचारायला लाजू नका: स्तनाग्रांवर चिकटपट्टी लावतात का (दुग्धनलिकांमध्ये जंतू असतात), इम्प्लांटचा डबा आत घालण्याच्या अगदी आधी उघडतात का, हात लावण्याआधी ग्लोव्ह्ज बदलतात का, पॉकेट बीटाडीनने किंवा तीन अँटिबायोटिकच्या मिश्रणाने धुतात का. ते मिश्रण म्हणजे ५०० मिलि सलाइनमध्ये सेफाझोलिन १ ग्रॅम, जेंटामायसिन ८० मिग्रॅ आणि बॅसिट्रासिन ५०,००० युनिट. घडीतली चीर स्तनाग्राभोवतीच्या चिरेपेक्षा बरी, कारण नलिका कापल्या जात नाहीत.

टेक्श्चर्ड घालताना दोन गोष्टी हमखास होतात. मॉपचे (रक्त टिपायच्या कापडाचे) धागे शेलला चिकटतात, ते नुसतं धुऊन सहज निघत नाहीत. आणि आत सरकवताना शेल चिरेच्या कडेला घासते, कातडीवरचे जंतू सोबत घेऊन जाते. स्मूथ जेल इम्प्लांट फनेलमधून सुळकन जातो, कातडीला लागतही नाही.

उलट_बाजू

सरसकट 'टेक्श्चर्ड वाईट' असं कुणी वाचू नये म्हणून लिहितोय. मॅस्टेक्टमीनंतरच्या रिकन्स्ट्रक्शनमध्ये (स्तन काढल्यावर तो पुन्हा घडवताना) गणित वेगळं असतं. वर फक्त कातडी आणि थोडी चरबी उरलेली, आणि एका बाजूचा स्तन दुसऱ्या, नैसर्गिक स्तनाशी जुळवायचा असतो. तिथे टिअरड्रॉपला अजून जागा आहे. आधी बसवायचा एक्सपांडर (कातडी ताणून जागा करणारी फुगवायची पिशवी) तर वर सरकून चालतच नाही, म्हणून तो बरीच वर्षं टेक्श्चर्डच वापरला गेला. आता कडेला टाके घालायचे कान असलेले स्मूथ एक्सपांडर मिळतात. रेडिएशन घ्यायचं असेल तर कॅप्सूल आवळण्याचं प्रमाण पृष्ठभाग कुठलाही असो वाढतंच. अशा पेशंटने आधी पोटाच्या किंवा पाठीच्या ऊतीचा पर्याय नीट ऐकून घ्यावा.

पण मूळ प्रश्न पहिल्याच ऑगमेंटेशनचा (स्तन भरीव करण्याच्या शस्त्रक्रियेचा) आहे, तिथे माझंही मत स्मूथकडेच.

सोनो_फिल्म

कॅन्सरबद्दल. नाव बीआयए-एएलसीएल. हा स्तनाचा नव्हे, इम्प्लांटभोवतीच्या कॅप्सूलमध्ये आणि तिथल्या पाण्यात होणारा लिम्फोमा (रोगप्रतिकारक पेशींचा कॅन्सर) आहे. अमेरिकेच्या औषध-उपकरण नियामकाने, म्हणजे एफडीएने, २०११ मध्ये पहिली सूचना काढली. फ्रान्सने एप्रिल २०१९ मध्ये मॅक्रोटेक्श्चर्ड आणि पॉलियुरेथेनचा थर असलेल्या इम्प्लांटवर बंदी घातली, आणि जुलै २०१९ मध्ये एफडीएच्या सांगण्यावरून उत्पादक कंपनी अ‍ॅलर्गनने आपले बायोसेल टेक्श्चर्ड इम्प्लांट जगभरातून परत मागवले. त्या वेळी एफडीएकडच्या ५७३ केसेसपैकी ४८१ मध्ये इम्प्लांट अ‍ॅलर्गनचे होते. ज्यांचा पूर्ण इम्प्लांट-इतिहास माहीत आहे अशा केसेसमध्ये कधी ना कधी टेक्श्चर्डचा संबंध आलेला आहे. मायक्रोमध्ये धोका बायोसेलपेक्षा बराच कमी, पण शून्य नाही. कॅप्सूलमधला स्क्वेमस सेल कार्सिनोमा (हा वेगळ्या प्रकारचा कॅन्सर) मात्र स्मूथ आणि टेक्श्चर्ड दोन्हींभोवती आढळलाय. तो फारच दुर्मीळ आहे. एफडीएची त्यावरची सूचना सप्टेंबर २०२२ ची.

बहिणीसाठी: त्रास नसेल तर निव्वळ भीतीपोटी काढू नका. परत मागवलेल्या बायोसेललाही एफडीएचा सल्ला हाच आहे. आधी इम्प्लांट कार्ड शोधा. मॉडेल, सीरियल आणि लॉट नंबर त्यावर असतो. कार्ड हरवलं असेल तर दुबईच्या हॉस्पिटलकडून ऑपरेशन नोट मागवा, त्यात डब्यावरचा स्टिकर चिकटवलेला असतो. फुटलेल्या सिलिकॉन इम्प्लांटचा त्रास बहुतेकदा जाणवतच नाही, म्हणून ५-६ वर्षांनी आणि मग दर २-३ वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा असं एफडीए सांगतं. तिचे आताच ती मुदत ओलांडून गेलेत.

लक्ष कशावर ठेवायचं: इम्प्लांटनंतर वर्ष उलटून गेल्यावर एक स्तन अचानक फुगणं, गाठ लागणं, काखेत गाठ. या केसेस सरासरी ८ ते १० वर्षांनी येतात, ती त्याच सुमाराच्या टप्प्यात आहे. असं झालं तर पहिली सोनोग्राफी. ५-१० मिलि पाणी बऱ्याचदा नॉर्मल असतं. जास्त असेल तर सोनोग्राफीखाली सुई घालून काढायचं, आणि इथेच चूक होते: ५ मिलि कल्चरला जातं, बाकीचं सिंकमध्ये. तसं होऊ देऊ नका. जमेल तितकं, शक्यतो ५० मिलि, पॅथॉलॉजीला द्यायचं आणि फॉर्मवर स्पष्ट लिहायचं: 'इम्प्लांट आहे, एएलसीएलची शंका, सायटॉलॉजी, सेल ब्लॉक आणि सीडी३० करावं'. सीडी३० (या लिम्फोमाच्या पेशी ओळखायची तपासणी) मागितलं नाही तर साधा सेरोमा (नुसतं साठलेलं पाणी) म्हणून रिपोर्ट हातात पडू शकतो. पहिल्या वेळचं पाणी सर्वांत मोलाचं. नंतर साठतं त्यात पेशी विरळ असू शकतात. आजार कॅप्सूलपुरता असेल तर इम्प्लांट आणि अख्खी कॅप्सूल काढून बहुतेकींचं काम भागतं.

मॅमोग्राफीला जाल तेव्हा टेक्निशियनला दारातच सांगा, म्हणजे इम्प्लांट मागे ढकलून घ्यायचे जादा व्ह्यू घेतले जातील.

मृद्गंध_३४

खूप आभार सगळ्यांचे. जागा-आकाराचं डोक्यातच नव्हतं. आज सर्जनना विचारलं तर त्यांनी तिसरा पर्याय काढला, 'नॅनोटेक्श्चर्ड'. हा स्मूथमध्ये धरायचा की टेक्श्चर्डमध्ये?

टाका_धागा

नावावर जाऊ नका, मायक्रॉनचा आकडा विचारा. ब्रेस्ट इम्प्लांटच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या, आयएसओ १४६०७ च्या, २०१८ च्या आवृत्तीप्रमाणे सरासरी खडबडीतपणा १० मायक्रॉनखाली म्हणजे स्मूथ, १० ते ५० मायक्रो, ५० च्या वर मॅक्रो. मोटिव्हा या ब्रँडचा (बहुधा यालाच नॅनो म्हणत असतील) पृष्ठभाग ४ मायक्रॉनच्या आसपास आहे, म्हणजे तो स्मूथमध्येच बसतो आणि स्मूथसारखाच सरकतो. अमेरिकेत त्याला २०२४ मध्ये मान्यता मिळाली, त्यामुळे दीर्घकाळची आकडेवारी जुन्या स्मूथइतकी नाही. त्याच्या काही मॉडेलमध्ये ओळखीची चिप असते, ती एमआरआयमध्ये छोटा काळा डाग पाडते. चिपशिवायचेही मिळतात, रेडिओलॉजिस्टला कुठला आहे ते सांगायचं.

ऑपरेशनच्या दिवशी डब्यावरचे स्टिकर दोन्ही बाजूंचे वेगवेगळे मागून घ्या. एक केसपेपरवर, एक तुमच्या फाइलमध्ये, आणि फोनमध्ये फोटो.