स्वतःची जमीन लोक स्वतःहून राखीव करतात? पापुआ न्यू गिनीत कसं जमलं

सावजी_रस्सा:
भाऊ लोकहो, एमए भूगोल करून राहिलो नागपुरात, सेमिनारला उष्ण बेटांवरची संरक्षित क्षेत्रं असा विषय आला. वाचता वाचता पापुआ न्यू गिनीचं 'युस' सापडलं, योपनो, उरुवा, सोम या ३ नद्यांची पहिली अक्षरं, ५० च्या आसपास गावं, आणि २००९ मध्ये लोकांनी आपापल्या जमिनीचा तुकडा राखीव करून टाकला म्हणे, झाडावर राहणाऱ्या कांगारूसाठी!! माझं आजोळ उमरेडकडचं, तिकडे अभयारण्य म्हटलं की मामाच्या कपाळाले आठ्या. मग तिथले लोक कसे काय तयार झाले बे?

गोरेवाडा_वॉकर:
जमीन कोणाची आहे ते आधी पाय. तिथं देशातली ९० टक्क्यांहून जास्त जमीन कुळांची, परंपरेनं चालत आलेली, त्यामुळे सरकारनं परस्पर नकाशावर रेघ मारतो म्हटलं तरी मारता येत नाही, कुळानंच ठरवायचं की हा डोंगर बंद, इथं शिकार, इथं रताळी-अळूची बाग, इथं वस्ती. आणि मालकी त्यांचीच राहते. आपल्याकडे बियाण्याची ज्वारी वेगळी काढून ठेवतात ना, कितीही तंगी आली तरी तिला हात लावत नाही, तसंच आहे, बंद डोंगरात पिलं वाढतात आणि पुढे शिकारीच्या जंगलात उतरतात. शिवाय कॉफी पिकवतात, ती थेट सिएटलला विकली गेली.

चिकित्सक_काका:
न्यू गिनी 'बेट' असलं तरी जगातलं दुसऱ्या नंबरचं मोठं आहे हो, युसच समुद्रापासून ४,००० मीटरपर्यंत चढत जातं. सेमिनारमध्ये लक्षद्वीपशी तुलना करू नको म्हणजे झालं 😄

पाखरूवेडी:
आपल्याच देशातलं उलटं उदाहरण पण टाक. ग्रेट निकोबारला गॅलाथिया बे अभयारण्य, चामडी पाठीची समुद्री कासवं जिथं अंडी घालतात, ते २०२१ मध्ये बंदरासाठी रद्द केलं. मग २०२२ मध्ये लिटल निकोबारला कासवांसाठी, मेरोला प्रवाळासाठी आणि मेंचलला मेगापोड पक्ष्यासाठी नवी अभयारण्यं काढली. कागदावर क्षेत्र वाढलं, पण या बेटांचे परंपरागत मालक आहेत, त्यांना कोण विचारणार? आदिवासी परिषदेनं हरकत घेतली. प्रकल्पाला दिलेली एनओसी पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परत घेतली.

गोरेवाडा_वॉकर:
+१. आणि एवढं लांब कायले जातं, चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव पाय. २०१२ ला सामूहिक वनहक्क मिळाला, हजारेक हेक्टर. त्यातलं ३४ हेक्टर गावानंच तोडायचं नाही म्हणून सोडलं. तेंदूपत्ता तोडणं पण बंद केलं, त्यापायी झुडपं छाटतात, आगी लावतात म्हणून. हातचा पैसा सोडला बाप्पा, बांबूवर भागवतात. कायद्यात पण सोय आहे, वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीनं 'समुदाय राखीव' आलं, खाजगी नाहीतर सामूहिक जमिनीवर.

सावजी_रस्सा:
आत्ताच मामाले फोन लावला. म्हणे बोडीच्या वरचं जंगल आम्ही आधीपासून राखूनच राहिलो, तिथं पाण्यावर सांबर येते, पोरं कुऱ्हाड नेत नाहीत. रेघ खालून, आमच्या चराईतून मारली ना बे, विचारलं असतं तं वरून दाखवली असती.
पाचगावला जायला चंद्रपूरहून एसटी आहे का कोणी सांगा, शनिवारी निघतो.