पोर्तुगाल: लिस्बनपलीकडची जुनी गावे कशी पाहावीत?

प्रश्न: ऑक्टोबरमध्ये आई-वडिलांसह पोर्तुगालला जाण्याचा विचार आहे. लिस्बनमध्ये फार न रेंगाळता उत्तरेकडील दोउरू नदीचे खोरे आणि दक्षिणेकडील अलेंतेजू प्रांत पाहायचा आहे. मोटार भाड्याने घ्यावी, की रेल्वेने भागेल?

प्रतिसाद १: उत्तरेत मोटारीचा खटाटोप करू नये. पोर्तू शहरातून निघणारी आगगाडी पुढे दोउरू नदीच्या काठाकाठाने पिन्यांव या गावी जाते. जाताना उजवीकडची खिडकी मिळवावी, कारण १७५६ मध्येच ज्यांच्या सीमा आखल्या गेल्या ते द्राक्षमळ्यांचे उतार आणि नदी त्याच बाजूला दिसतात. पिन्यांव स्थानकाच्या भिंतींवर निळ्या फरशांत द्राक्षतोडणीची चित्रे आहेत, तीही निवांत पाहावीत.

प्रतिसाद २: वरील मताशी सहमत आहे, मात्र दक्षिणेत मोटारीला पर्याय नाही. एव्होरा शहरातील रोमन मंदिर आणि मानवी अस्थींनी मढवलेले प्रार्थनागृह रेल्वेने जाऊनही पाहता येते. पण मोंसाराझ, मार्व्हांव यांसारख्या डोंगरमाथ्यावरच्या तटबंदीच्या गावांना बस क्वचितच जाते. वाटेत बुचाच्या ओकवृक्षांच्या खोडांवर रंगवलेले आकडे दिसतील. या झाडांची साल नऊ वर्षांनी एकदाच काढतात, म्हणून शेवटच्या सोलणीच्या वर्षाचा अखेरचा अंक तिथे लिहून ठेवलेला असतो.

प्रतिसाद ३: आई-वडिलांचे गुडघे दुखत असतील, तर तटाच्या आतील मुक्काम टाळावा. गल्ल्या दगडी, चढणीच्या आहेत आणि सामान बहुधा वेशीपासून स्वतःच न्यावे लागते.