मदत हवी आहे: डबल ग्लेझिंगची काच एनर्जीप्लसमध्ये नेमकी कशी मांडावी?

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या एका ऑफिस इमारतीचं एनर्जी मॉडेल (तिला किती ऊर्जा लागेल याचं संगणकी गणित) एनर्जीप्लस या सॉफ्टवेअरमध्ये करतोय. दक्षिण आणि पश्चिम, दोन्ही बाजूंना काचच काच, आणि आर्किटेक्ट त्यातली वीतभरही कमी करायला तयार नाहीत. ठरलेलं डीजीयू (डबल ग्लेझिंगचं युनिट) 6-12-6 आहे: दोन्ही काचा 6 मिमी, बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला लो-ई कोटिंग (उष्णता कमी उत्सर्जित करणारा पातळ थर), मध्ये 12 मिमी हवा, आत साधी काच. ब्रोशरवर यू-व्हॅल्यू (तापमानाच्या फरकामुळे काचेतून किती उष्णता जाते) 1.6 आणि एसएचजीसी (पडलेल्या उन्हाच्या उष्णतेतला आत येणारा वाटा) 0.26.

हे दोन तऱ्हांनी मांडून पाहिलं. एकदा सिंपल ग्लेझिंग सिस्टिममध्ये नुसते हे दोन आकडे भरले. दुसऱ्यांदा बर्कली लॅबच्या विंडो सॉफ्टवेअरमध्ये थर रचून तेच आयडीएफमध्ये, म्हणजे एनर्जीप्लसच्या इनपुट फाइलमध्ये, आणलं. आता गंमत अशी, की थरांच्या मॉडेलचा रिपोर्टमधला यू ब्रोशरशी जुळत नाही. ते एक वेळ सोडून देऊ. पण मार्चमध्ये भर दुपारी दक्षिणेच्या झोनचा कूलिंग लोड (एसीला काढावी लागणारी उष्णता) दोन मॉडेलांत चांगलाच वेगळा येतो, आणि पश्चिमेला संध्याकाळी, जिथे खरं ऊन असतं, तिथे मात्र दोन्ही जवळपास सारखे. कोणतं धरावं? शिवाय फ्रेम अजून घातलेलीच नाही. ईसीबीसीसाठी (ऊर्जाबचतीची इमारत संहिता) आकडे द्यायचे आहेत. जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद: फसाडवाला

यूचं आधी बघू. ब्रोशरवरचा यू बहुधा युरोपीय ईएन 673 नुसार असणार: काचेचं सरासरी तापमान 10 अंश, दोन बाजूंत 15 अंशांचा फरक. एनर्जीप्लस रिपोर्टमध्ये देतो तो अमेरिकन एनएफआरसी हिवाळ्याचा, म्हणजे बाहेर उणे 18, आत 21, आणि 5.5 मीटर प्रति सेकंद वारा. परीक्षा वेगळी, गुण वेगळे. यातलं कुठलंच हवामान पुण्यात नाही, हा भाग वेगळा! थरांच्या मॉडेलमध्ये मधल्या हवेतून होणारं उष्णतेचं वहन दर टाइमस्टेपला (हिशेबाच्या प्रत्येक टप्प्याला) नव्याने काढलं जातं. सिंपलमध्ये सगळं डीजीयू म्हणजे एकच ठोकळा, त्याचा रोध ठरलेला.

आणि खरं सांगू का, यूच्या मागे फार लागू नका. बाहेर 38, आत 24 धरा. यूमध्ये 0.2 चा फरक म्हणजे चौरस मीटरमागे 2.8 वॅट. काचेवर 600 वॅट ऊन पडत असेल तर एसएचजीसीतला नुसता 0.03 चा फरक 18 वॅटचा होतो.

प्रतिसाद: अक्षांश_१८

दक्षिणेचं कोडं कोनाचं आहे. ब्रोशरवरचा एसएचजीसी ऊन काचेवर अगदी काटकोनात पडलं तरचा. पश्चिमेला संध्याकाळी सूर्य जवळजवळ समोरच येतो, म्हणून दोन्ही मॉडेल जुळतात. दक्षिणेला 21 मार्चच्या सुमारास भर दुपारी पुण्यात सूर्य सुमारे 71 अंश वर असतो, म्हणजे किरण काचेच्या लंबाशी 71 अंशांचा कोन करून येतात. 60 च्या पुढे काच ऊन झपाट्याने परतवायला लागते. ते किती, हे सिंपल मॉडेल यू आणि एसएचजीसीवरून ठोकताळ्याने ठरवतं. थरांचं मॉडेल प्रत्यक्ष थरांवरून काढतं. मेच्या मध्यात, शून्य सावलीच्या दिवशी, भर दुपारी दक्षिणेच्या काचेला थेट ऊन मिळतच नाही. त्या तारखेला लोड ताडून बघा. आकाशाचा आणि जमिनीवरून उसळलेला प्रकाशच तेवढा उरेल. काच ठरलेली असताना सिंपल वापरायचं कारण मला तरी दिसत नाही. ते सुरुवातीच्या टप्प्यासाठी ठीक.

धागाकर्ता

दोघांचे आभार. कोटिंगची बाजू बरोबर आहे का, हे कसं तपासू? यू तर ठीक दिसतोय.

प्रतिसाद: फसाडवाला

यूवरून कळणार नाही. कोटिंग सरफेस 2 वरून 3 वर (दोन काचांच्या चार बाजू बाहेरून मोजतात) गेलं तरी यू जवळपास तोच राहतो, एसएचजीसी मात्र वाढतो. आयडीएफमध्ये थर बाहेरून आत लिहितात. बाहेरच्या काचेची बॅक साइड एमिसिव्हिटी (आतल्या बाजूची उष्णता उत्सर्जित करण्याची क्षमता) कमी दिसली पाहिजे, बाकी तिन्ही बाजू 0.84 च्या आसपास. साइटवर सॅम्पल आलं असेल तर लायटर पेटवून काचेसमोर धरा. ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतील, त्यात एकाचा रंग वेगळा असेल. ती कोटिंगची बाजू. बाहेरून मोजताना ते दुसरं आलं पाहिजे.

प्रतिसाद: खिडकीबाई

फ्रेमचं राहिलं. ईसीबीसी 2017 मधली यू 3.0 आणि उत्तरेखेरीज इतर दिशांना एसएचजीसी 0.27 ही मर्यादा फ्रेमसकट अख्ख्या खिडकीची आहे, नुसत्या काचेची नाही. फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची आणि थर्मल ब्रेक (आतल्या-बाहेरच्या धातूमधला उष्णतारोधक तुकडा) नसेल तर 1.6 ची मिजास तिथेच उतरते.

फ्रेम घालताना एक खाचखळगा आहे. फ्रेम कंडक्टन्स (फ्रेममधून उष्णता किती वाहते तो आकडा) एनर्जीप्लसला आतल्या-बाहेरच्या हवेच्या थराशिवाय हवा असतो. फ्रेमवाल्याने यू 3.0 दिला असेल तर त्याचा रोध 0.333, त्यातून दोन्हीकडच्या हवेच्या थरांचे मिळून 0.17 वजा, उरले 0.163. म्हणजे भरायचा आकडा 6.1. आणि उद्या सिंपलकडे परत वळलात आणि तिथे अख्ख्या खिडकीचा यू टाकलात, तर फ्रेम वेगळी लावू नका, दोनदा मोजली जाईल. स्पेसर (दोन काचांमधलं अंतर राखणारी कडेची पट्टी) कशाचा आहे तेही विचारून घ्या. अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर काचेच्या कडेचं गुणोत्तर (कडेच्या आणि मधल्या काचेच्या उष्णतावहनाचं) 1 ठेवून चालणार नाही.