तत्त्व एकच, पण वजन कशाचं?

दारूला परवाना आणि गांजाला तुरुंग, ही विसंगती न्यायाधीशांनीच मोडावी असं काही जण म्हणतात. मला नाही पटत, ती संसदेनं केलीय. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. फुलोऱ्याविना नुसती पानं, बिया त्यात नाहीत, भांग सुटते ती त्यामुळेच. कोर्टाची कसोटी लागते ती वजनात, कारण शिक्षा पदार्थ किती सापडला यावर ठरते. २००८ साली सुप्रीम कोर्ट म्हणालं, शुद्ध अमली पदार्थ किती तेवढंच मोजा. त्या खटल्यात चार किलोच्या आसपास पावडर, त्यात हेरॉइन जेमतेम ६० ग्रॅम, म्हणून शिक्षा कमी झाली. २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींनी ते फिरवलं: भेसळीसकट सगळं मोजा.

दोन वर्षांपूर्वी नागपुरात सिनिअर वकिलांसोबत गांजाच्या एका खटल्यात जामिनाच्या सुनावणीला होतो. पंचनाम्यात 'हिरवट, उग्र वासाचा पाला, काड्या, बिया, २१ किलो', तेही गोणीसकट! गांजा २० किलोच्या वर गेला की जामीन अवघड करणारं कलम ३७ लागतं, मग जामीन जवळपास विसराच. फुलोऱ्याचा शब्दही नाही म्हटलं, तर सरकारी वकिलांनी हिरा सिंगच पुढे केला. अहो, तो निकाल भेसळीचा. मुळात फुलोराच नसेल तर भेसळ कशात? तीन तारखा त्यातच गेल्या.