भाऊ आजारी आहे म्हणून फोन केला, तर दारात कोण यावं?

जास्वंदी
मी रोचेस्टरमध्ये (न्यू यॉर्क राज्य) राहते. 23 मार्च 2020 च्या पहाटे इथे डॅनियल प्रूड हा 41 वर्षांचा काळा माणूस भ्रमिष्ट अवस्थेत भावाच्या घरातून पळाला. काही तासांपूर्वीच त्याला इस्पितळात तपासून घरी सोडलं होतं. भावाने 911 ला, म्हणजे इथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन केला. पोलिसांना तो रस्त्यावर उघडानागडा सापडला. बर्फ भुरभुरत होतं. सांगितल्याबरोबर तो पालथा झोपला, बेड्या घालून घेतल्या. मग थुंकायला लागला म्हणून डोक्यावर पिशवी चढवली आणि डोकं दोन मिनिटांहून जास्त वेळ रस्त्याशी दाबून धरलं. आठवड्याने तो गेला. शवविच्छेदनात मनुष्यवध लिहिलाय. भावाने मदत मागितली आणि आला बंदोबस्त, हे मला अजून पचत नाही.

रात्रपाळी
जास्वंदी, वाईट झालंच. पण मी इमर्जन्सीत नर्स आहे. नशेत, भ्रमात असलेल्या माणसाची ताकद मी अंगावर झेललीय, मनगट मोडून घेतलंय. प्रूडच्या रक्तात पीसीपी हे भ्रम आणणारं अमली द्रव्य सापडलं होतं. ग्रँड ज्यूरीने (खटला भरायचा का ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) 2021 मध्ये एकाही पोलिसावर आरोप ठेवला नाही. तेव्हाचे पोलीसप्रमुख काळे, महापौरही काळ्या. वर्णाचा मुद्दा कुठून आला?

जास्वंदी
प्रमुख कोण होता यावर रस्त्यावरच्या माणसाचं नशीब ठरत नाही हो. बेड्या घातलेल्या, थंडीने गारठलेल्या माणसावर कुणी साधं पांघरूणही टाकलं नाही. गोऱ्या वस्तीतला कुणाचा मुलगा असता तर टाकलं असतं, असं मला मनापासून वाटतं. आणि पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यातली त्या रात्रीची चित्रफीत लोकांसमोर यायला सप्टेंबर उजाडला, तीही घरच्यांनी आणली म्हणून.

पाण्याची टाकी
माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. पुण्यात एकदा तो सोसायटीच्या टाकीवर चढून बसला. आलेले हवालदार काका टोपी काढून खाली फरशीवर बसले आणि म्हणाले, "जेवलास का रे?" पाऊण तासाने तो स्वतः उतरला. मी त्यांना जन्मभर विसरणार नाही. पण आमची सोसायटी होती, आडनाव बरं होतं. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, त्या पारध्यांच्या पालावरचं पोर असतं तर काकांनी हाच प्रश्न विचारला असता का?

रात्रपाळी
हे मान्य. पण ते काका पोलीसच होते ना? म्हणून म्हणते, पोलिसांना बाजूला काढू नका, शिकवा. हातात चाकू असेल तर समुपदेशकाला एकटीला पाठवणार का?

जास्वंदी
चाकू असेल तर दोघांनी जावं. प्रूडकडे काहीच नव्हतं. इथे जानेवारी 2021 मध्ये अशा फोनवर जाण्यासाठी समुपदेशकांचं पथक सुरू झालं. त्याच महिन्याच्या 29 तारखेला पोलिसांनी नऊ वर्षांच्या काळ्या मुलीला बेड्या घालून गाडीत कोंबलं आणि डोळ्यांत मिरचीचा फवारा (पेपर स्प्रे) मारला. ती "बाबा हवेत" म्हणून रडत होती. पथक गेलंच नाही, कारण फोनवर नोंद झाली ती घरगुती भांडणाची.

रात्रपाळी
मग फोन घेणाऱ्यापासून सुरुवात करा. आमच्याकडेही रुग्ण येतो तेव्हा कागदावर आधी 'आक्रमक' लिहिलेलं असतं. नाव त्याच्या खाली.