मदत हवी आहे: फ्रेंचमधले 'आँ' आणि 'आने'

मंडळी, सांगलीत घरीच फ्रेंच शिकतोय, पुण्याला जाऊन डेल्फची (फ्रेंच येतं याचं प्रमाणपत्र देणारी) ए-२ पातळीची परीक्षा द्यायचीय. अडलंय ते एकाच अर्थाच्या शब्दांच्या जोड्यांपाशी: आँ-आने (वर्ष), झूर-झुर्ने (दिवस), स्वार-स्वारे (संध्याकाळ).

पुस्तकातला नियम माहीत आहे. नुसतं मोजायचं तर आखूड शब्द, तो काळ कसा गेला ते सांगायचं तर लांब. म्हणून 'त्र्वा झाँ' म्हणजे तीन वर्षं, पण 'तूत लाने' म्हणजे वर्षभर (जोडून बोलताना 'आँ'चं 'झाँ', 'आने'चं 'लाने' किंवा 'झाने' ऐकू येतं). भेटताना बोंझूर, निरोप घेताना बॉन झुर्ने, हेही पटतं. पण मग 'काही वर्षं' म्हणताना 'केल्क झाने' का? तीही मोजणीच ना? आणि दरवर्षी म्हणायला 'तू ले झाँ' नि 'शाक आने' दोन्ही चालतात, तिथे नियम कुठे जातो कोण जाणे!

तक्ते पाठ करून झाले, भाषांतराचं अ‍ॅपही वापरलं. ते दोन्हींना 'वर्ष'च म्हणतं. त्यामुळे तक्ता किंवा अ‍ॅप सुचवू नका. नोकरीमुळे पुण्याचा क्लास जमणार नाही.

नेमकं एवढंच सांगा: आकडा नसून 'काही', 'प्रत्येक', 'पहिलं' असा शब्द आला की डोळे झाकून 'आने' घ्यायचं का? आणि 'गेल्या वर्षी'साठी 'लाँ देर्निए' आणि 'लाने देर्निएर' यांतलं बोलताना कोणतं जास्त ऐकू येतं?